असाबीचा गळका माठ आणि इबिदुनचं इंजिन

आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मी गळका आहे. माझ्या बुडाला एकोणीस भोकं आहेत आणि ती पडलेली नाहीत, पाडलेली आहेत. नंतर कोणी फिदीफिदी हसायला नको, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. मी एक जुना मातीचा माठ आहे, पण पाणी साठवणारा नव्हे. वरून पाणी घ्यायचं आणि खालून थेंब थेंब सोडायचं, हे माझं काम. चाळीस वर्षं मी ते चोख केलं आहे.

माझा जन्म कुंभारणींच्या गावात झाला. आमच्याकडे माठ बायकाच घडवतात, आणि चाक वगैरे काही नसतं. एक जुना माठ पालथा घालायचा, त्याच्यावर मातीची जाड पोळी थापायची आणि स्वतःच त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत फिरत आकार द्यायचा. माझ्या कुंभारणीने इतक्या फेऱ्या मारल्या, की तिला चक्कर कशी आली नाही याचं मला अजून नवल वाटतं. मी ओला असतानाच तिने काडीने माझ्या बुडाला भोकं पाडली. शेजारची कुंभारीण ओरडली, "अगं बाई! चांगल्या माठाचं वाटोळं केलंस की!"

"साबणवालीचा आहे तो," माझी कुंभारीण म्हणाली. "गळला नाही तर परत आणून माझ्याच डोक्यात घालेल."

ती साबणवाली म्हणजे असाबी. तेव्हा ती नवी नवरी होती. मला डोक्यावर घेऊन ती ओके-इदी गावाला निघाली. माझ्या बुडातून तिच्या केसांवर ऊन पडत होतं, आणि वाटेत भेटेल तो तिला थांबवत होता.

"पोरी, फसलीस गं! माठाला भोक आहे!"

"एक नाही, एकोणीस आहेत," असाबी म्हणायची. "मोजून घेतलीत!"

तेव्हाच मला कळलं, की ही बाई आपल्याला सांभाळणार. आणि मी धन्य झालो.

आमच्या ओके-इदीला जिकडे बघाल तिकडे कोकोची झाडं. फळं तोडायची, फोडायची, आतल्या बिया काढून वाळवायला न्यायच्या आणि टरफलं तिथेच झाडाखाली टाकून द्यायची, ही सगळ्यांची रीत. ढीगच्या ढीग कुजत पडतात. त्यांच्यात पाणी साचतं, डास होतात. लोक नाक धरून बाजूने जातात. असाबी मात्र त्या ढिगांकडे सोन्याकडे बघावं तशी बघायची. ती टरफलं गोळा करायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि जाळून त्यांची राख करायची. माझ्या तळाशी ताडाच्या झाडाचा काथ्या अंथरायचा, त्यावर राख दाबून भरायची आणि वरून भोपळ्याच्या तुंब्याने पाणी ओतायचं. मग माझ्या भोकांतून तांबूस पाणी ठिबकायला लागायचं. असाबी त्यातला एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवायची.

"अजून कच्चं आहे," ती म्हणायची. नाहीतर डोळे बारीक करून म्हणायची, "हं, आता चावतंय!"

चावलं, की ते पाणी ताडाच्या बियांच्या तेलात घालून कढवायचं. त्याचा होतो काळा साबण. गावात जन्मलेल्या बाळाची पहिली अंघोळ त्या साबणाने व्हायची आणि नवरीची लग्नाआधीची अंघोळही त्याच साबणाने. लोक असाबीला नावाने हाक मारेनासे झाले. सगळे तिला इया ओलोशे म्हणायला लागले. इया म्हणजे आई, आणि ओलोशे म्हणजे साबणवाली. कौतुक तिचं व्हायचं, पण अंगावर मूठभर मांस माझ्या चढायचं.

मग दुकानांतून कागदात गुंडाळलेले वासाचे साबण आले. गुलाबी, हिरवे, एकावर तर पोपटाचं चित्र! पोरीबाळींनी काळ्या साबणाकडे बघून नाकं मुरडली. असाबी महिन्यातून एखादाच घाणा करायला लागली, आणि उरलेले दिवस मी वळचणीला पडून राहायला लागलो. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. कोंबडीची काही तक्रार नव्हती. माझी होती, पण विचारतो कोण?

आता इबिदुनबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

इबिदुन असाबीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका वयाच्या, दोघी विधवा. इबिदुनच्या नवऱ्याने एका चांगल्या हंगामात डिझेलचं इंजिन आणून त्याला कसावा किसायचं यंत्र जोडलं होतं. कसावा म्हणजे आमचा रोजच्या जेवणाचा कंद. तो किसायचा, पिळायचा, भाजायचा, तेव्हा कुठे पोटात जातो. ते इंजिन डुगडुग करायला लागलं, की ओढ्यापर्यंत आवाज जायचा आणि बायका टोपल्या घेऊन धावायच्या. पण डिझेल इतकं महाग झालं, की बायकांनी टोपल्या आणणंच सोडलं. त्या घरी भोकं पाडलेल्या पत्र्यावर कसावा किसायच्या आणि बोटं सोलून घ्यायच्या. इंजिन आठ महिने बंद पडून होतं.

आमच्याकडे दर पाचव्या दिवशी बाजार भरतो. अशाच एका बाजाराच्या दिवशी इबिदुन आमच्या अंगणात आली आणि माझ्या शेजारच्या ओंडक्यावर बसली.

"असाबी, मी इंजिन विकलं," ती म्हणाली. "अकुरे शहरातला लादापो शेठ पुढच्या बाजाराला ट्रक घेऊन येणार आहे. चार वडीलधाऱ्यांसमोर शब्द दिलाय मी."

"बरं केलंस. आता निवांत बस."

"इथे बसून काय करू? त्याच ट्रकने मीही निघाले. लेक कधीचा लागोसला बोलावतोय. त्याच्या घरी पंखा आहे म्हणे."

असाबीच्या हातातली मिरच्यांची टोपली तिरपी झाली. "आणि त्या पंख्याशी गप्पा मारणार आहेस का तू?"

इबिदुन हसली नाही. उठली आणि निघून गेली. ती गेल्यावर असाबी त्याच ओंडक्यावर बसून रडली. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, "सगळं गाव मला इया म्हणतं रे. असाबी म्हणणारी ही एकटीच उरली होती." मित्रांनो, मी मातीचा असलो तरी मला गलबलून आलं.

नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी असाबीची लेक मोरेनिके सुट्टीला घरी आली. ती अकुरेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आल्या आल्या तिने आमच्या रीतीप्रमाणे आईसमोर गुडघे टेकले आणि वर बघितलं, तर आईचे डोळे सुजलेले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग चुलीमागच्या राखेची टोपली पुढे ओढली.

"इया, इबिदुन मावशीचं इंजिन या राखेने चालेल."

"इंजिनात राख घालणार? आज ते नुसतं बंद आहे. मग मरेलच!"

"इंजिनात नाही गं घालायची. भजी तळून उरलेलं जुनं तेल असतं ना, त्यात मिथेनॉल नावाचं रसायन मिसळायचं. पण ती दोघं आपणहून एकत्र येत नाहीत. तुझी राख त्यांना एकत्र आणते. मग खाली जड चिकट गाळ बसतो आणि वर डिझेलसारखं तेल तरंगतं."

"आणि राख संपून जाते?"

"नाही. लग्न जुळवणारी मावशी बघ. दोघांचं जुळवते आणि आपण बाजूला होते. पुढच्या घरी परत हजर!"

असाबीला हे एकदम पटलं. तिने स्वतः अशी सहा लग्नं जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी मोरेनिकेने चवळीची भजी विकणाऱ्या साऱ्या बायकांकडून काळं पडलेलं तेल मागून आणलं. त्या आधी "वेडी झालीस का?" म्हणाल्या आणि मग डबे भरून देऊन मोकळ्या झाल्या. मोरेनिकेने ते तेल गाळलं आणि त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत तापवलं. राख चाळून माझ्यात भरली आणि वर झाकण ठेवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यात राख पडली आणि पाणी आलं नाही. मला कसंनुसं झालं.

"मी अकुरेहून मिथेनॉल घेऊन येते," ती जाताना म्हणाली. "राखेला हात लावू नकोस, इया."

आणि असाबीने हात लावलाच नाही. तिने पाणी घातलं.

काय सांगू मित्रांनो! ती बिचारी झाकण उघडून बघायची आणि परत ठेवायची. चार वेळा बघितलं. शेवटी पुटपुटली, "पोरगी शिकली, पण राख कोरडीच ठेवून गेली! विसरली असेल." आणि मायेने दोन तुंबे पाणी ओतलं. मला तर इतकं बरं वाटलं, की मी खुशाल ठिबकायला लागलो. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पाणी ओतायचं थांबवून तिने राख बाहेर काढली, थोडा वेळ उन्हात पसरली आणि परत माझ्यात भरली. वरून ती कोरडी दिसायला लागली, आतून मात्र दमट राहिली. मला कोणी बिनडोक माठ म्हटलं तर एरवी राग येतो, पण त्या दिवशी तो शब्द मला शोभला असता.

मोरेनिके परत आली. तिने माझ्यातली राख वरवर बघितली, पण घाईत नीट चाचपली नाही. "हे मिथेनॉल विष आहे," तिने सगळ्यांना बजावलं. "तोंडाला लावायचं नाही, वास घ्यायचा नाही, विस्तवाजवळ न्यायचं नाही." तिने तेल, मिथेनॉल आणि राख एका घट्ट झाकणाच्या डब्यात घातली आणि तो डबा गरम पाण्यात ठेवून तासभर हलवत राहिली. मग म्हणाली, "आता वर सोनेरी तेल येईल."

सकाळी झाकण उघडलं, तर डब्यात ना सोनेरी काही, ना खाली गाळ. बुडापासून वरपर्यंत नुसता पिवळट लगदा! मोरेनिकेने त्यात काठी घातली, तर काठी उभीच राहिली.

असाबीने चिमूटभर लगदा घेऊन पाण्यात चोळला. फेस आला. भरपूर फेस आला.

"साबण झालाय," ती हळूच म्हणाली. "चांगला झालाय."

"पण साबण कसा होईल? पाण्याचा थेंब नव्हता..." मोरेनिके बोलता बोलता थांबली. तिने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघणार?

"मीच घातलं," असाबी म्हणाली. "मला ती कोरडी राख बघवली नाही गं."

"इया! लग्न लावायला मावशी बोलावली, आणि तू तिला ओढ्यात ढकललंस!"

असाबी एवढीशी झाली. अंगणात आलेल्या बायकांना मात्र हसू आवरेना. भजीवाली म्हणाली, "इया ओलोशेच्या हाताला साबणाचं वेड आहे. तिने पाण्यात भाकरी टाकली तरी साबण होईल!" शेवटी मोरेनिकेलाही हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही. मिथेनॉल एकाच घाण्यापुरतं उरलं होतं आणि बाजाराला दोन दिवस होते.

मोरेनिकेने घाईघाईने नवी टरफलं जाळली. असाबीने त्या राखेचा एक कण जिभेच्या टोकाला लावला आणि थू करून टाकला. "ही राख आहे होय? अर्धा कोळसा आहे. आणि खाली माती लागलीय. तुझी मावशी झोपाळू आहे, पोरी. हिच्याने कोणाचं लग्न जुळायचं नाही."

"मग कशी हवी?"

"आता तू बस आणि मी सांगते."

आणि काय तोरा तिचा! तिने कुजकी टरफलं बाजूला काढली, वाळलेली तेवढी घेतली आणि जमिनीवर नाही, पत्र्यावर जाळली. ती राख लोखंडी डब्यात भरून लोहाराकडे नेली आणि त्याला म्हणाली, "भाता मार, आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस." राख लालबुंद झाली आणि निवल्यावर पांढरीशुभ्र दिसायला लागली. असाबीने कणभर जिभेला लावली आणि जीभ झटकन आत घेतली.

"चावली!" ती ओरडली. "कडाडून चावली!"

मोरेनिकेने वहीत ते लिहून घेतलं. शाळेत जे मापायला काचेची नळी लागते, ते तिची आई जिभेने सांगत होती. "पण तुम्ही कोणी असं करायचं नाही हं, भाजतं," असं तिने तिथल्या पोरांना दम देऊन सांगितलं, आणि मीही तुम्हाला सांगतो.

या वेळी तेल कोरडं, डबा कोरडा, राख कोरडी आणि असाबी डब्यापासून दहा हात लांब. बाजाराच्या दिवशी सकाळी झाकण उघडलं आणि मोरेनिकेने आनंदाने आरोळीच ठोकली. खाली गुळाच्या पाकासारखा दाट गाळ होता आणि वर मधाच्या रंगाचं स्वच्छ तेल! माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच पडला.

पण तेलात राखेचे बारीक कण तरंगत होते. मोरेनिकेने ते कापडातून गाळायला घेतलं. कापड लगेच तुंबलं. तिकडे रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

"त्याला घे," असाबीने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या बिचाऱ्याला दुसरं काय येतं?"

आदल्या दिवसापासून मी उन्हात पालथा होतो. अंगात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांनी माझ्या तळाशी काथ्या आणि कापूस दाबून बसवला आणि वरून तेल ओतलं. मी आयुष्यात पाणीच गाळलं होतं. तेल कसं सोडायचं, मला काय ठाऊक! क्षणभर काहीच झालं नाही. मग एका भोकातून थेंब आला, मग दुसऱ्यातून, मग एकोणीसही भोकांतून धारा लागल्या. स्वच्छ, सोनेरी. त्या क्षणी मी इतका आनंदात होतो, की कोणी मला राजवाड्यात न्यायला आलं असतं तरी गेलो नसतो.

डबा मोरेनिकेने उचलला, मला असाबीने काखोटीला मारलं, का ते तिलाच ठाऊक, आणि सगळे इबिदुनच्या अंगणाकडे धावले.

तिथे ट्रक उभा होता. इबिदुनची पत्र्याची पेटी आधीच ट्रकमध्ये चढली होती. इंजिनाचे बोल्ट दोन माणसं पान्याने सैल करत होती. इबिदुन नवा घागरा नेसून, डोक्याला निळा रुमाल बांधून तोंड फिरवून उभी होती.

"थांबा," लादापो शेठ म्हणाला. "उचलण्याआधी मला हे चालू करून दाखवा. आतून भंगार निघालं तर?"

"डिझेल नाही," इबिदुन म्हणाली.

"हे घाल, मावशी," मोरेनिके धापा टाकत म्हणाली.

इबिदुनने डब्यात डोकावून बघितलं. मग मैत्रिणीच्या काजळी लागलेल्या तोंडाकडे बघितलं. टाकीत तेल ओतलं आणि हँडल फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा खोकलं. असाबी डोळे मिटून उभी होती. तिसऱ्या वेळी इबिदुनने दोन्ही हातांनी जोर लावला, आणि डुग, डुग, डुगडुगडुगडुग!

बायकांनी असा काही कल्ला केला, की कोंबड्या छपरावर गेल्या. नळीतून धूर निघाला आणि त्याला वास कशाचा होता सांगू? ताज्या भज्यांचा! आजूबाजूच्या घरांतली पोरं वाट्या घेऊन धावत आली आणि भजी कुठे आहेत म्हणून इंजिनाच्या मागे शोधायला लागली.

"झकास चालतंय!" लादापो शेठ खूश झाला. "चला, बंद करा आणि उचला."

मित्रांनो, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. इंजिन चालू झालं म्हणून सौदा थोडाच मोडतो! वडीलधाऱ्यांसमोर दिलेला शब्द होता.

इबिदुनने इंजिन बंद केलं नाही. तिने त्याच्यावर हात ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "लादापो, मागच्या बाजाराला मी तुला काय विकलं?"

"हे इंजिन."

"नीट आठव. चारचौघांसमोर काय म्हणाले मी?"

शेठने डोकं खाजवलं. वडीलधाऱ्यांतला एक म्हातारा हसायला लागला. "बंद पडलेलं इंजिन म्हणाली होती. मी होतो तिथे."

"हे बंद पडलेलं दिसतंय का तुला?" इबिदुन म्हणाली. "बंद पडलेलं माझ्याकडे आता नाही. असतं तर लगेच दिलं असतं."

लादापो शेठने एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि मग तो स्वतःच खो खो हसत सुटला. "आणि माझी फेरी फुकट गेली ती?"

"फुकट का जाईल?" मोरेनिकेने उरलेलं तेल पुढे केलं. "हे ट्रकच्या टाकीत घाला आणि जा."

"आणि माझ्या ट्रकला याची चटक लागली तर?"

"तर पुढच्या वेळी टरफलं भरून आणा."

ट्रकवरच्या माणसाने वरून ओरडून विचारलं, "अहो, मग या पेटीचं काय करायचं?"

असाबीने मला छातीशी धरलं होतं, आणि तिच्या काळजाचे ठोके मला माझ्या मातीत जाणवत होते. इबिदुनने डोक्याचा रुमाल सोडला, कंबरेला बांधला आणि म्हणाली, "विचारतोस काय? उतरव. आणि हळू, आत आरसा आहे. मला इथेच तोंड बघायचंय."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कसावा किसला गेला.

आता मला वळचणीला कोणी ठेवत नाही. माझ्यासाठी असाबीच्या घरात कोरडी, उंच जागा केली आहे. मला जोडीला एक नवा माठ आला आहे. साबणाचं पाणी तो गाळतो आणि इंजिनाचं तेल मी. कोकोच्या बागांतले ढीग कमी झाले आहेत, आणि ज्या टरफलांजवळून लोक नाक धरून जायचे, त्यांच्यासाठी आता पहाटे लवकर उठतात.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या माठाची एक विनवणी आहे. शेतातलं टरफल असो, घरातलं भांडं असो की दाराशी बसलेलं वयस्कर माणूस, त्याला बाजूला टाकण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा, तुला काय काय येतं? आम्ही कधीपासून सांगायला बसलेलो असतो.